रांगेत शिरायचंय? आधी थांबून दाखवा

शंभर-दीडशे माणसं इनलाइन स्केट्सवर, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या बुटांवर, एकदम रस्त्यावर आली की बघणाऱ्याला वाटतं, यांना फक्त जोरात पळता येत असेल. खरं तर पळणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. एवढ्या माणसांनी एकाच लेनमध्ये, एकमेकांच्या हातापायांत न अडकता वेग कमी करणं, तेही पुढचा का थांबला ते न दिसता, हे अवघड काम आहे. रांगेत पडणाऱ्यांपैकी बहुतेक जण वेगामुळे पडत नाहीत, पुढच्याच्या पाठीवर जाऊन पडतात.

पॅरिसमध्ये 1994 पासून शुक्रवारी रात्री अशी फेरी निघते. माँपार्नास स्टेशनच्या भागातून रात्री 10 वाजता सुटायचं आणि साधारण 30 किलोमीटर फिरून तीन तासांनी परतायचं. चौक अडवायला स्वयंसेवक आणि सोबतीला स्केट्सवरचे पोलीससुद्धा. तिथे येणाऱ्याकडून पहिली अपेक्षा असते ती ब्रेकवर पक्का ताबा. ज्यांना तेवढं जमत नाही त्यांच्यासाठी रविवारी दुपारी बास्तीलच्या बाजूने संथ फेरी असते. नवी मुंबईत कोणी अशी फेरी काढत असेल किंवा तुम्ही तिच्यात जाणार असाल, तर नक्कल करायची ती ह्या चाळणीची. दिवे आणि गाणी नंतर.

रांग रबरासारखी ताणते

थोडं गणित करू, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात. मोठ्या रस्त्याची एक लेन सुमारे साडेतीन मीटर रुंद असते. तिच्यात तिघे शेजारी-शेजारी म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मीटरभरापेक्षा थोडं जास्त. नवख्याचा पाय बाजूला फेकला की तेवढी जागा एकटाच खातो, म्हणून तीन ही कमाल मर्यादा आणि नवखे जास्त असतील तर दोनच. दीडशे जण तिघांच्या ओळीत घेतले तर पन्नास ओळी. दोन ओळींत तीन मीटर अंतर धरलं तर रांगेची लांबी दीडशे मीटर.

हे झालं कागदावर. पुढच्या माणसाने एखाद्या खड्ड्यापाशी थोडा वेग कमी केला की मागचा जास्त कमी करतो, त्याच्या मागचा त्याहून जास्त, आणि शेपटाकडचे चक्क उभे राहतात. पुढचे परत वेग घेतात तेव्हा शेपूट अजून जागेवरच असतं. दोन-तीन सिग्नलनंतर दीडशे मीटरची रांग चारशे मीटरची होते. ताशी 12 किलोमीटरने चारशे मीटर रांग एका चौकातून जायला बरोबर दोन मिनिटं लागतात. दीडशे मीटरची असती तर पाऊण मिनिट. म्हणजे चौकात रिक्षावाल्यांचे हॉर्न किती वेळ वाजणार, हे शेपटाने नाही, पुढच्या माणसाने ठरवलेलं असतं.

त्यामुळे पुढे जो वेग धरतो, त्याने दर चौक ओलांडल्यावर मिनिटभर मुद्दाम ताशी 8 वर यायचं आणि मागून 'शेपूट आलं' असा निरोप मिळेपर्यंत वाढवायचं नाही. पुढच्या ताज्या दमाच्या पोरांना हे भयंकर कंटाळवाणं वाटतं. वाटू दे. मागच्याला धावत-धावत रांग गाठावी लागली तर तो दमतो, आणि दमलेल्या माणसाचा ब्रेक सगळ्यात आधी जातो.

हील ब्रेकची लाज कशाला?

आपल्याकडे एक विचित्र समज आहे: मागच्या टाचेवरचं रबर म्हणजे नवशिक्याची निशाणी. दोन महिने झाले की ते काढून टाकायचं आणि टी-स्टॉप (मागचा पाय आडवा ओढून थांबणं) मारत फिरायचं. एकट्याने मोकळ्या रस्त्यावर काय ते करा. गर्दीत मात्र हील ब्रेकसारखं दुसरं काही नाही, कारण तो शरीराच्या रुंदीतच बसतो. प्लाऊ (नांगरासारखे पाय फाकवून थांबणं) करायला पाय पसरावे लागतात आणि मीटरभर रुंदी लागते, म्हणजे शेजारच्याच्या चाकांत आपलं चाक. टी-स्टॉपमध्ये मागचा पाय आडवा ओढला जातो. जरा वजन मागे गेलं की अंग गर्रकन फिरतं आणि माणूस तोंड मागे करून थांबतो. शिवाय चाकांची एक कड सपाट होते ती वेगळीच.

हील ब्रेक नीट लावायचा तो असा. बहुतेक बुटांना ब्रेक उजव्या पायाला असतो. दोन्ही पाय समांतर, गुडघे वाकवलेले. उजवा पाय पुढे सरकवा, इतका की त्याची टाच डाव्याच्या चवड्याच्या रेषेत येईल. वजन अजून डाव्या पायावरच. आता उजव्या पायाचा चवडा उचला, म्हणजे रबर जमिनीला टेकेल. आधी नुसतं टेकू द्या, खर्रर्र आवाज येऊ द्या, मग खुर्चीवर बसल्यासारखे खाली बसत त्याच्यावर भार वाढवा. पाठ सरळ, हात पुढे. नवखे इथे हमखास कमरेतून पुढे वाकतात. वाकलं की भार रबरावरून निघून जातो. आवाज भरपूर येतो, माणूस मात्र थांबत नाही.

ताशी 15 च्या वेगाला सराव असलेला माणूस हील ब्रेकने पाचेक मीटरमध्ये थांबतो. पण थांबायचंय हे कळून पाय हलेपर्यंत एक सेकंद जातो आणि त्या सेकंदात चार मीटर निघून गेलेले असतात. एकूण नऊ. रांगेत अंतर तीन मीटरचं. उरलेले सहा मीटर कुठून आणायचे? ते समोरच्याच्याही ब्रेकमधून येतात, म्हणजे तो हळूहळू थांबला तरच. आणि आपण त्याच्या पाठीकडे न बघता त्याच्या खांद्यावरून पलीकडे, चार-पाच ओळी पुढे बघत असलो तर त्यातून येतात. पाठीकडे बघणारा नेहमी उशिरा थांबतो.

म्हणून स्वतःची परीक्षा अशी घ्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाही, डांबरी रस्त्यावर. खडूने एक रेघ मारा आणि तिच्यापासून 8 मीटरवर दुसरी. धावण्याच्या वेगाने या आणि पहिल्या रेघेला ब्रेक सुरू करून दुसरीच्या आत थांबा. दहापैकी नऊ वेळा जमलं तर रांगेत या. याशिवाय एका पायावर तीन सेकंद सरळ जाता यायला हवं, दोन्ही पायांवर वेगवेगळं. चालत्या वेगात पाय उचलून पाच सेंटिमीटरचा अडथळा ओलांडता यायला हवा. पडल्यावर कोणाचाही हात न धरता उठता यायला हवं. आणि न थांबता पाच किलोमीटर. एवढंच. उलटं जाता येणं, उड्या, ओळीत ठेवलेल्या शंकूंमधून नागमोडी, यातलं काहीही लागत नाही. उलट ज्यांना ते येतं ते रांगेत करून दाखवतात आणि त्रास देतात.

ब्रेकचं रबर तिरकं झिजतं. झिज बाजूच्या खुणेपर्यंत आली, किंवा आतल्या स्क्रूचं डोकं दिसायला लागलं की बदला. अर्ध्या वाटेत स्क्रू रस्त्याला टेकला तर ठिणग्या छान उडतात, पण ब्रेक शून्य.

चाकं, आणि रिंकचे बूट

ठाणे-नवी मुंबईत बहुतेक मुलं रिंकवर शिकतात. तिथले स्पीडचे बूट घोट्याच्या खाली संपतात, चाकं 100 किंवा 110 मिलिमीटरची आणि ब्रेक नाहीच. रिंकवर ते उत्तम. रस्त्याच्या रांगेत सिग्नलपाशी त्याच बुटांवर थांबत-निघत दोन तास काढले की घोटे बोलायला लागतात. रस्त्यासाठी घोट्याच्या वर येणारा, बकल आणि 45 अंशातला पट्टा असलेला बूट घ्या. चार चाकं, 80 ते 90 मिलिमीटर. कडकपणा 85ए च्या आसपास. त्याहून मऊ चाक उकाड्यात लवकर झिजतं, त्याहून कडक असेल तर खडबडीत डांबराचा प्रत्येक दाणा पिंढरीपर्यंत पोहोचतो. मुलांच्या बुटांना येणारी 70-72 मिलिमीटरची चाकं मोठ्या भेगेत अडकतात. ती अंगणासाठी ठीक.

बूट मापाला बरोबर आहे की नाही ते उभं राहून कळत नाही. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरकून सुटली पाहिजेत. टाच उचलली तर आत वर-खाली व्हायला नको. मोजे पातळ आणि बुटाच्या काठापेक्षा उंच. जाड सुती मोजा घामाने ओला होऊन घडी पडली की पंधराव्या मिनिटाला फोड. जिथे लाल होतं तिथे निघण्याआधीच कागदी चिकटपट्टी लावून ठेवायची, फोड आल्यावर नाही.

हेल्मेट, मनगटाचे गार्ड, गुडघ्याचे पॅड. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. इथे निदान पॅड तरी बांधावं. तिन्हींतलं एकच परवडत असेल तर हेल्मेट. पण सवयीने पुढे टेकला जातो तो तळहात, त्यामुळे मनगटाचे गार्ड सोडू नका. हेल्मेट सायकलचं किंवा स्केटिंगचं हवं. मोटरसायकलचं जड हेल्मेट मानेला ताण देतं आणि कानावर येऊन मागची हाक अडवतं.

पहाटे निघायचं तर पाठीमागे लुकलुकणारा लाल दिवा आणि छातीवर पांढरा. दिवा हेल्मेटच्या मागे लावला तर पुढे वाकल्यावर आकाशाकडे बघतो. कमरेच्या पट्ट्याला लावलेला बरा. पुढचा पांढरा दिवा स्थिर ठेवा. दीडशे पांढरे दिवे लुकलुकायला लागले की समोरून येणाऱ्या ड्रायव्हरला अंतराचा अंदाज येत नाही.

रस्ता कुठला

पाम बीच रोड हे नाव सगळ्यांच्या तोंडी येतं ते उगाच नाही. वाशीपासून बेलापूरच्या महापालिका मुख्यालयापर्यंत जवळपास 10 किलोमीटर, दोन्हीकडे तीन-तीन लेन, मधे दुभाजक, जवळजवळ सपाट, आणि मोजकेच चौक: मोराज सर्कल, टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेचा भाग, अक्षर चौक, शेवटी किल्ले गावठाण. ठाणे-बेलापूर रोड सपाट असला तरी एमआयडीसीच्या ट्रकांमुळे तिकडे जाऊच नये. ठाण्यात घोडबंदर रोडवर अवजड वाहनं, त्यामुळे तिथे मोठी रांग म्हणजे आफतच; उपवनचा परिसर छान, पण वीस-पंचवीस जणांपुरता. खारघरचे रस्ते रुंद आहेत, फक्त डोंगराकडे चढ आहे. चढताना कोणाला काही वाटत नाही. उतरताना दीडशे जण एकाच वेळी ब्रेक शोधतात. नवखे सोबत असतील तर खारघर नको.

पाम बीचलाही खोड आहेच: तिथे गाड्या सुसाट जातात. रिकामा रस्ता दिसला की जास्तच. म्हणून रविवारची पहाट. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास किंवा त्यानंतर उगवतो, तर सहाला निघालेली रांग पहिला तासभर अंधारातच असते हे लक्षात ठेवून दिवे चार्ज करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सगळ्यात चांगले. मार्चनंतर आठ वाजताच अंगातून पाणी गळायला लागतं. जून ते सप्टेंबर नाव काढू नका. ओल्या रस्त्यावर युरेथेनचं चाक साबणासारखं सरकतं.

हिवाळ्यातसुद्धा खाडीलगत पहाटे दव पडतं. डांबर कोरडं दिसतं, पण झेब्रा क्रॉसिंगचे आणि लेनचे पांढरे जाड पट्टे निसरडे झालेले असतात. पट्ट्यावर पाय बाजूला ढकलायचा नाही, त्यावरून सरळ वाहत जायचं. लेनच्या रेघेवर कॅट-आय, म्हणजे प्रकाशात चमकणारे छोटे उंचवटे, बसवलेले असतात. अंधारात ते दुरून चमकतात, पण पुढच्या ओळीच्या पायांआड गेले की दिसत नाहीत, म्हणून लेन बदलताना पाय उचलून टाका. पुलांवर आडवे सांधे येतात. तिथे एक पाय दुसऱ्याच्या पुढे, बूटभर अंतराने, गुडघे सैल. म्हणजे एक चाक अडलं तरी दुसरा पाय सावरतो. डाव्या कडेच्या पावसाळी गटाराच्या जाळ्या सगळ्यात घातक, कारण गज रस्त्याच्या दिशेने असतील तर 24 मिलिमीटर रुंदीचं चाक सरळ आत.

लेनमध्ये स्केटिंगला कुठली जागा चांगली? गाड्यांच्या टायरांनी घासून गुळगुळीत झालेले दोन पट्टे. त्यांच्या मधल्या भागात, विशेषतः सिग्नलपाशी, इंजिनाचं तेल ठिबकलेलं असतं. दुभाजकाच्या कडेला बारीक वाळू आणि डंपरमधून सांडलेली खडी. एक खडा चाकाखाली आला की चाक फिरतच नाही, घसरतं, आणि माणूस पुढे.

सेक्टरमधल्या आतल्या रस्त्यांवरून जायचं असेल तर गतिरोधक मोजून ठेवा. नियमाच्या मापाचा, म्हणजे 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच गतिरोधक स्केट्सवर त्रास देत नाही, लाटेवरून गेल्यासारखं होतं. त्रास देतात ते रबरी, अरुंद, स्क्रूने ठोकलेले. त्यांवरून वाहत जाता येत नाही; वेग कमी करून पायरी चढावी तसं पाऊल टाकायचं.

आणि यू-टर्न. कागदावर नकाशा काढणारे हा विसरतात. दुभाजकाच्या फटीतून वळलेली रांग समोरच्या रस्त्याच्या अगदी उजव्या लेनमध्ये पडते, म्हणजे सगळ्यात वेगवान गाड्यांच्या लेनमध्ये. तिथून दोन लेन ओलांडून डावीकडे यायचं असतं. त्यामुळे समोरचा रस्ता रांगेचं डोकं वळलं की सोडायचा नाही, शेपूट डाव्या लेनला लागलं की सोडायचा. वळणापूर्वी शंभर मीटरवर तिघांच्या ओळी दोघांच्या करा. बाहेरच्याला जास्त अंतर कापावं लागतं आणि आतल्याने त्याच्यासाठी हळू व्हायचं असतं.

रांगेतली भाषा

वारीतल्या दिंडीत चोपदाराने दंड उंचावला की हजारोंचा आवाज थांबतो. इथेही तसंच एक सामायिक वळण हवं, पण आवाज थांबवणारं नाही, आवाज पुढे देणारं. पुढच्याने हात उंच केला की मागच्याने हात उंच करायचा आणि 'थांबतोय' म्हणायचं, मग त्याच्या मागच्याने. खड्डा दिसला तर त्या बाजूचा हात खाली दाखवत 'खड्डा', जाळी आली तर 'जाळी'. मागून गाडी काढायची असेल तर 'उजवीकडे गाडी'. एक शब्द, मोठ्याने. लांब वाक्य बोलेपर्यंत खड्डा मागे गेलेला असतो. कानात इयरफोन घालणाऱ्याला रांगेतून बाहेर काढा. त्याच्या मागचे पंचवीस जण त्याच्यामुळे बहिरे होतात.

आपल्याकडे वाहनं डावीकडून, म्हणून हळू जाणारे डाव्या कडेला आणि रांगेच्या उजवीकडची पट्टी मार्शलना, म्हणजे रांग सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांना, मोकळी. तिथून कोणी पुढे-मागे करायचं नाही. थांबायचंच असेल, लेस सुटली, फोन आला, पिंढरी धरली, तर हात वर करून डावीकडे कडेला जायचं आणि मग थांबायचं. रांगेच्या मधे उभं राहून लेस बांधणारा माणूस म्हणजे गतिरोधकच, फक्त त्याला पिवळे पट्टे नसतात.

पडत असाल तर शेजाऱ्याला धरू नका. हे सांगणं सोपं, करणं फार कठीण, म्हणून आधी गवतावर गुडघ्याच्या पॅडवर सरकत पडण्याचा सराव करा. एक पडला तर एक जखमी. शेजाऱ्याला धरून पडला तर तिघे.

कुत्र्यांचं वेगळं. चाकांचा आवाज त्यांना चिडवतो आणि पहाटे सेक्टरांच्या तोंडाशी टोळ्या बसलेल्या असतात. वेग वाढवला की पाठलाग वाढतो. पाय ढकलणं बंद करा, नुसतं वाहत जा, फारच जवळ आलं तर थांबून उभे राहा. बहुधा दोन भुंकून ते परत जातात. एकट्याने पळ काढलेला माणूस रांगेला मात्र फाडतो.

चाणक्यच्या बाजूला हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत फ्लेमिंगो उतरतात, तेव्हा अर्धी रांग मान वळवते. मान वळली की खांदे वळतात आणि खांदे वळले की स्केट्स वळतात. बघायचं असेल तर थांबा ठरवून ठेवा. तेवढ्या पट्ट्यात स्पीकरही बंद.

चौकातली दोन माणसं

मार्शल दहा-बारा जणांमागे एक. त्यांची खरी कसोटी चौकात. रांगेच्या पुढून दोघे वेगाने निघतात आणि रांग पोहोचायच्या वीस-तीस सेकंद आधी चौक गाठतात. चौकात उभं राहायचं ते गाड्यांकडे तोंड करून, हात आडवे, तळवे दिसतील असे. आधी पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरशी नजर जुळवायची, तो थांबला हे बघायचं, मगच लेनच्या मधे जायचं. आधी मधे जाऊन मग हात दाखवणारा मार्शल आपल्या नशिबावर उभा असतो. दुचाकीवाले गाड्यांच्या फटीतून येतात, म्हणून डावीकडे दुसरा डोळा. बस आली तर तिला आधी सोडा. एनएमएमटीची बस एकदा रांगेत घुसली की रांगेचे दोन तुकडे. शेवटचा माणूस गेला की हात खाली, ड्रायव्हरला हात जोडून, आणि उजव्या पट्टीने पुन्हा पुढे. दोन तासांत असे पंधरा-वीस झपाटे मारावे लागतात, त्यामुळे मार्शल हा रांगेतला सगळ्यात तंदुरुस्त माणूस असावा लागतो. सगळ्यात उत्साही माणूस असून भागत नाही.

हे लक्षात घ्या, रहदारी थांबवण्याचा अधिकार पोलिसांचा. मार्शल फक्त त्यांच्या हाताखालचे. त्यामुळे परवानगीशिवाय दीडशे जणांची रांग काढूच नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली जमावबंदीचे आदेश अधूनमधून निघतात, ते चालू आहेत का हेही बघावं लागतं. पाम बीचवर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाताना एकापेक्षा जास्त पोलीस ठाण्यांच्या हद्दी लागतात. अर्ज वाहतूक शाखेला आणि प्रत्येक ठाण्याला, तीन-चार आठवडे आधी. सोबत वळणासकट नकाशा, प्रत्येक चौकात पोहोचायची वेळ, माणसांचा आकडा, मार्शलची यादी आणि रुग्णवाहिकेची सोय. आकडा कमी सांगू नका. साठ सांगून दीडशे आले की पुढच्या वेळचा अर्ज वाचलाच जात नाही. खारघर पनवेल महापालिकेत येतं, पण पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचंच. ठाण्याचं आयुक्तालय वेगळं, तिथली कागदपत्रं पहिल्यापासून.

रांगेच्या मागे एक टेम्पो हवाच. त्यात पाणी, प्रथमोपचार आणि दमलेली माणसं. दमलेल्याला बसवताना लाज वाटू देऊ नका, त्याला शेपटाकडे ओढत नेण्यापेक्षा हे बरं. गंभीर काही झालं तर 108 ला फोन, आणि फोन करणारा एकच माणूस आधीच ठरलेला.

पाठीवरची पिशवी

पातळ पिशवी, छातीला पट्टा असलेली. लोंबती पिशवी प्रत्येक ढकलीला अंगाला एक झोका देते. आत 750 मिलिलिटर पाणी, चिकटपट्टी, 4 मिलिमीटरचा अ‍ॅलन की (काही बुटांना ताऱ्यासारख्या टोकाचा टॉर्क्स लागतो, आधी बघा), एक जादा अ‍ॅक्सल (चाकाचा आस), थोडे पैसे, ओळखपत्र, आणि चपला. चपला विसरणारे दर वेळी निघतात. स्टेशनच्या गुळगुळीत फरशीवर आणि जिन्यावर स्केट्स घालून जाणं म्हणजे दुसऱ्याच्या पायावर पडण्याची तयारी, आणि अनवाणी सीवूड्स स्टेशनचा फलाट गाठणं काही सुखाचं नाही.

निघण्याआधी प्रत्येक चाक बोटाने फिरवा. अ‍ॅक्सल जास्त आवळलेला असेल तर चाक दोन फेऱ्यांत थांबतं. सैल असेल तर चाक बाजूला हलतं आणि किलोमीटरभरात स्क्रू रस्त्यावर. आवळायचा तो हलणं बंद होईपर्यंत, मग पाव वळण मागे, आणि परत हलवून बघायचं.

घरी आल्यावर चाकं बदलून लावा. आतली कड जास्त झिजते आणि पुढचं-मागचं चाक वेगळं झिजतं. पहिलं तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या, डाव्या पायाचं उजव्याला, म्हणजे झिजलेली कड आपोआप बाहेर येते.

बेअरिंग सगळीकडे 608 मापाचं: आतलं भोक 8, बाहेरचा व्यास 22, जाडी 7 मिलिमीटर. आठ चाकांना सोळा. खाडीच्या खारट हवेत ती गंजायला फार वेळ लागत नाही, दवात भिजली असतील तर त्याच दिवशी पुसा. खरखर ऐकू आली की काढा. बाजूची रबरी झाकणी टाचणीने कडेला उचलली की निघते. धातूची असेल तर तिला धरून ठेवणारी एक बारीक कडी दिसते. कडीचं मोकळं टोक शोधा, टाचणीने आतल्या बाजूला ओढा, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा वर ठेवा, नाहीतर ती टणकन उडून सोफ्याखाली जाते. मग छोट्या बरणीत आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून बेअरिंग हलवा. काळं पाणी निघतं ते टाका, पुन्हा हलवा. रॉकेल वापरलं तर मागे तेलकट थर राहतो आणि त्याला धूळ चिकटते. फडक्यावर आपटून वाळवा, पंख्याखाली तासभर. शेवटी शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब, दोनच. चार घातले तर पुढच्या रविवारी पाम बीचची सगळी धूळ घरी येते.